संकल्प ज्याचा त्याने करावा

(समुपदेशन, शिक्षण आणि संघटनकार्य या तीन क्षेत्रांतील उद्दिष्टनिश्चितीवर कार्यकर्ते व पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



ध्येयाविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या प्रत्येक वक्त्याला द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आठवतेच. झाडाच्या शेंड्यावर एक कृत्रिम पक्षी, खाली धनुष्य ताणून उभे असलेले राजकुमार आणि गुरूंचा एकच प्रश्न : तुला काय दिसते? कोणाला झाड दिसले, कोणाला भाऊ दिसले, अर्जुनाला मात्र नेमाखेरीज काहीच दिसले नाही. लोकांच्या तोंडी ही कथा पक्ष्याच्या डोळ्याची आहे, महाभारतात ती पक्ष्याच्या मस्तकाची आहे, तात्पर्य एकच. एकाग्रतेचा याहून सोपा पाठ दुसरा नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण तो मुलांना सांगत आलो.

परंतु त्याच आदिपर्वात या कथेच्या शेजारी आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे आणि ती सांगायची बहुधा राहून जाते. त्याच द्रोणाचार्यांच्या हाताखाली भीम आणि दुर्योधन गदायुद्धात निपुण झाले, नकुल-सहदेव खड्गविद्येत तरबेज झाले, युधिष्ठिर रथयुद्धात श्रेष्ठ ठरला. गुरू एक, शाळा एक, पण प्रत्येकाचे शस्त्र वेगळे. एकाग्रतेचा पाठ आपण घेतला आणि हा दुसरा पाठ विसरलो. परिणाम असा की आज गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर तेच एक झाड आहे, त्यावर तोच एक पक्षी आहे आणि घरातल्या प्रत्येक मुलाने अर्जुनच व्हायचे आहे. भीमाच्या हाती धनुष्य देऊन त्याला नेम धरायला लावणारे पालक आपल्या अवतीभवती आहेत; कधी कधी ते आपल्या आरशातही दिसतात.

हा विषय केवळ गुणपत्रिकेपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. प्रत्येक अशा मृत्यूमागे कारणांचा गुंता असतो. सगळ्याचे खापर एकाच कारणावर फोडणे त्या कुटुंबांवर अन्याय करणारे ठरेल. तरीही दुसऱ्याने ठरवलेल्या ध्येयाचे ओझे हा त्या गुंत्यातला एक धागा आहे, हे समुपदेशन करणारी मंडळी सातत्याने सांगत असतात. म्हणून ध्येय कसे गाठावे याच्या आधी ते कोणी ठरवावे आणि कसे ठरवावे, या प्रश्नाचा विचार करायला हवा.

ध्येय, उद्दिष्ट आणि संकल्प

आपल्या भाषेत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. ज्याचे ध्यान करायचे ते ध्येय. ते दूर असते, ध्रुवताऱ्यासारखे दिशा दाखवते. ध्रुवताऱ्यावर कोणी पोहोचत नाही आणि पोहोचण्याची आवश्यकताही नसते. ज्याच्याकडे बोट दाखवता येते ते उद्दिष्ट. ते जवळचे असते, मोजता येते, गाठले की मागे पडते. आणि ते उद्दिष्ट माणूस स्वतःच्या नावाने स्वीकारतो, तेव्हा त्याचा संकल्प होतो. राष्ट्र परमवैभवाला जावे हे ध्येय झाले. आपल्या वस्तीतील वीस मुलांना येत्या मार्चपर्यंत अस्खलित वाचता यावे, हे उद्दिष्ट झाले. 'त्यासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता वस्तीत जाईन,' हा संकल्प झाला. आपल्याकडे ध्येयांची वाण कधीच नव्हती. ध्येयापासून संकल्पापर्यंत उतरणारा जिना मात्र पुष्कळदा मधल्या पायऱ्यांवाचून बांधला जातो.

घरी सत्यनारायण असो वा गणेशपूजन, आरंभी संकल्प सोडला जातो. त्याची रचना लक्षपूर्वक पाहावी. आधी काळ सांगितला जातो; कल्प-मन्वंतरापासून उतरत उतरत संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र येथपर्यंत. मग स्थळ सांगितले जाते. कोणता देश, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव. त्यानंतर काय करायचे आणि कशासाठी करायचे, हे स्पष्ट शब्दांत. सृष्टीच्या आरंभापासून निघालेली ती वाक्ये आजच्या सकाळी, या पाटावर, या माणसाच्या तळहातापाशी येऊन थांबतात. अमेरिकेत जॉर्ज डोरान नावाच्या व्यवस्थापन सल्लागाराने १९८१ मध्ये चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्या मांडल्या : ते नेमके असावे, मोजता यावे, कोणावर तरी सोपवलेले असावे, वास्तव असावे आणि कालबद्ध असावे. जगभरच्या कार्यालयांतून त्या 'स्मार्ट' या नावाने पाठ केल्या जातात. त्या उपयुक्त आहेत आणि जेथून मिळतील तेथून घ्याव्यात. पण ज्या समाजात शुभकार्याआधी काळ, स्थळ, कर्ता आणि हेतू यांचा उच्चार रोज होतो, त्या समाजाला त्या परक्या वाटू नयेत.

संकल्पविधीतील सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे. शब्द गुरुजी सांगतात, कारण ते यजमानाला पाठ नसतात. परंतु पळीतले पाणी यजमानाच्या तळहातावर पडते आणि त्याच्याच हातून ताम्हनात सुटते. समुपदेशक, शिक्षक आणि संघटक या तिघांची भूमिका त्या गुरुजींची आहे. त्यांनी शब्द पुरवावेत, क्रम सांगावा, चुकले तर थांबवावे. उदक मात्र ज्याचे त्याने सोडावे. पाणी सोडणे या शब्दप्रयोगाचा मराठीत दुसरा अर्थ आशा सोडणे असाही आहे. दुसऱ्याच्या संकल्पाचे उदक ज्यांच्या हातावर ओतले गेले, त्यांच्या बाबतीत हा दुसराच अर्थ खरा होताना दिसतो.

समुपदेशकासमोरच्या तीन खुर्च्या

प्रथम समुपदेशनाचा विचार करू. समजा, दहावीचा निकाल लागला आहे. समुपदेशकासमोर तीन खुर्च्या आहेत. वडील, आई आणि मधल्या खुर्चीवर मुलगा. वडील सुरुवात करतात, "याला डॉक्टर व्हायचंय. फक्त अभ्यासात लक्ष लागत नाही, तेवढं जरा बघा." आई मान हलवते. मुलगा पायांच्या अंगठ्याकडे पाहत असतो. अनुभवी समुपदेशक त्याच क्षणी ओळखतो की ध्येय सांगितले गेले, पण ज्याचे म्हणून सांगितले गेले त्याने तोंडही उघडलेले नाही. तो पालकांना विनंती करून थोडा वेळ बाहेर बसवतो आणि मुलाला विचारतो, "तुला काय हवंय?" उत्तर येते, "माहीत नाही."

पुष्कळ पालकांना हे उत्तर अपयशाचे वाटते. वास्तविक त्या खोलीतले ते पहिले प्रामाणिक वाक्य असते आणि काम तेथूनच सुरू होते. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडले की समुपदेशनाची उभारणी तीन गोष्टींवर होते : दोघांनी मिळून मान्य केलेले उद्दिष्ट, त्यासाठी दोघांनी मान्य केलेली कृती आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. यातला 'दोघांनी मान्य केलेले' हा शब्द मोलाचा आहे. समुपदेशकाने पालकांचे उद्दिष्ट मुलाच्या गळी उतरवायचे ठरवले, तर तो पालकांचा वकील होतो. मुलाचे प्रत्येक म्हणणे उचलून धरले, तर तो मुलाचा वकील होतो. दोन्हींत समुपदेशन उरत नाही.

मग 'माहीत नाही' येथून पुढे कसे जायचे? अमेरिकेतील मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने एक साधी रीत रूढ केली. शून्य म्हणजे अगदी वाईट आणि दहा म्हणजे हवे तसे, असे मानले तर तू आज कुठे आहेस? मुलगा म्हणतो, "तीन." त्यावर समुपदेशक 'तीनच का' असे विचारत नाही, 'शून्य का नाही' असे विचारतो. मग मुलाला आठवते की तो चित्रे बरी काढतो, भूगोल त्याला आवडतो, संध्याकाळी मैदानावर गेल्यावर त्याला मोकळे वाटते. पुढचा प्रश्न असतो, "तीनाचे चार झाले, तर काय वेगळे दिसेल?" मुलगा विचार करून म्हणतो, "आईने हाक मारायच्या आधी उठेन." आयुष्याचे ध्येय अजून दूर आहे, पण उद्या सकाळचे उद्दिष्ट हाती आले, आणि ते त्याच्या स्वतःच्या तोंडून आले.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. उद्दिष्ट नकारार्थी नसावे, हे पहिले. 'मोबाइल पाहणार नाही', 'चिडणार नाही', 'आळस करणार नाही' ही उद्दिष्टे ऐकायला चांगली वाटतात. पण वर्तनशास्त्रज्ञ गमतीने म्हणतात त्याप्रमाणे, जे मृत माणसालाही जमते ते उद्दिष्ट नव्हे. मोबाइल न पाहता त्या वेळी काय करणार, हे ठरले पाहिजे. दुसरे पथ्य एका अक्षराचे आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली, तिचे मर्म असे की इच्छेचे रूपांतर हट्टाग्रहात झाले की मन आजारी पडते. मराठीत हे सांगायला एक 'च' पुरेसा आहे. 'प्रवेश मिळाला पाहिजे' ही इच्छा झाली, ती माणसाला कामाला लावते. 'प्रवेश मिळालाच पाहिजे, नाहीतर सगळे संपले' हा आग्रह झाला, तो माणसाला गोठवून टाकतो. आपल्या घरातल्या बोलण्यात हा 'च' दिवसातून किती वेळा येतो, हे एखाद्या रविवारी मोजून पाहावे.

मुलाच्या बोलण्यात निराशेचा सूर वारंवार येत असेल, तर उपदेशात वेळ घालवू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. ताप आल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही, तसा येथेही नाही.

वर्गातली बेचाळीस पाने

समुपदेशक एका मुलाशी बोलतो. शिक्षकासमोर साठ मुले असतात. त्याने प्रत्येकाचे उद्दिष्ट कसे जपावे? या संदर्भात अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांचा १९८१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. वजाबाकीत कच्ची आणि गणिताला कंटाळलेली लहान मुले त्यांनी निवडली. सर्वांना स्वयंअध्ययनासाठी सारखीच बेचाळीस पाने दिली. एका गटाला सांगितले, दर बैठकीत सहा पाने पुरी करण्याचा प्रयत्न करा. बैठका सात होत्या. दुसऱ्या गटाला सांगितले, शेवटच्या बैठकीपर्यंत बेचाळीस पाने पुरी करा. हिशेब दोन्हीकडे एकच होता. तरीही सहा-सहा पानांचा गट कौशल्यात आणि आत्मविश्वासात स्पष्टपणे पुढे गेला. एवढेच नव्हे, तर त्या मुलांना वजाबाकीची गोडी लागली आणि मोकळा वेळ मिळाल्यावर ती आपण होऊन गणिते सोडवू लागली. बेचाळीस पानांच्या गटाला मात्र त्या दूरच्या उद्दिष्टाचा फारसा लाभ झाला नाही.

ज्याला हातचा घेता येत नाही, त्याला 'गणितात शंभर' सांगणे म्हणजे बेचाळीस पानांचा गठ्ठा अंगावर टाकणे. सहा पाने पुरी झाली की मुलाला स्वतःच्या हाताची ताकद कळते, आणि गोडी त्या ताकदीतून येते. आधी गोडी लावू, मग अभ्यास होईल, असे आपण समजतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. 'जास्त अभ्यास करीन' हा मनोदय हवेत विरतो. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की 'अमुक घडले की तमुक करीन' अशी सांगड आधीच घालून ठेवली तर मनोदय कृतीत उतरण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आपल्या आजीला हे शास्त्र नावानिशी ठाऊक नव्हते. पण दिवेलागण झाली की हातपाय धुऊन शुभंकरोती आणि त्यापाठोपाठ पाढे, ही साखळी तिने घातली होती. दिवा लागला की पाढे आपोआप ओठांवर यायचे. रोज नव्याने निश्चय करावा लागत नसे. दिवेलागणीची ती वेळ आज दूरचित्रवाणीने आणि भ्रमणध्वनीने व्यापली आहे. ती साखळी पुन्हा जोडणे कोणत्याही शिकवणीपेक्षा स्वस्त आहे.

मुलांना उद्दिष्ट स्वतः ठरवू देण्याचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक असलेले डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तेव्हा बुद्धिमान मुलांचे गुण आणखी वाढवणे एवढाच हेतू त्यांच्यासमोर नव्हता. त्या बुद्धीला समाजाचे भान यावे आणि तिच्यातून नेतृत्व घडावे, हे ध्येय होते. म्हणून बुद्धिमापनाच्या चाचण्यांच्या जोडीला खेडी पाहणे, दलावर खेळणे, प्रश्न घेऊन लोकांत जाणे आले. प्रबोधिनीने उपनयनाला विद्याव्रत संस्काराचे रूप दिले; किशोरवयातील मुलगे आणि मुली दोघेही तो घेतात आणि विद्यार्थिदशेतील व्रते स्वतः उच्चारून स्वीकारतात. येथेही संस्थेने वाट दाखवली, उच्चार मात्र विद्यार्थ्याचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या आत्ममूल्यमापनालाही स्थान दिले आहे. तो रकाना पालकांनी भरून देण्याचा रिवाज पडू नये, एवढी काळजी आपण घ्यावी.

ओंडके, शिला आणि खाती

व्यक्ती आणि वर्ग यांनंतर संघटनेकडे वळू. येथे तीन उदाहरणे समोर ठेवावीशी वाटतात. एक चांगल्या उद्दिष्टाचे, एक थोर ध्येयाचे आणि एक बिघडलेल्या उद्दिष्टाचे.

उद्दिष्टनिश्चितीचे शास्त्र एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी नावारूपाला आणले. लॅथम यांचा १९७५ मधील एक अभ्यास अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातला आहे. लाकडाचे ओंडके वाहून नेणारे मालमोटारींचे चालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे साठ टक्केच माल भरत असत. 'जमेल तेवढा जास्त भरा' असे सांगून काही उपयोग झालेला नव्हता. मग त्यांच्यासमोर चौऱ्याण्णव टक्क्यांचे नेमके उद्दिष्ट ठेवले. बक्षीस नाही, आणि न जमल्यास शिक्षाही नाही, असे स्पष्ट सांगितले. पहिल्या महिन्यात भार वाढला, दुसऱ्या महिन्यात घसरला. शिक्षा नाही हा शब्द खरा आहे का, हे चालक पडताळून पाहत होते. व्यवस्थापनाने शब्द पाळला. त्यानंतर भार वाढत जाऊन नव्वद टक्क्यांवर स्थिरावला. 'जमेल तेवढे करा' हे वाक्य आपल्या बैठकांतही फार ऐकू येते. ते सौजन्याचे वाटते, पण त्याने काम ढिले पडते. नेमके उद्दिष्ट कार्यकर्त्याचा सन्मान करते. आणि दुसऱ्या महिन्यातल्या घसरणीच्या वेळी संघटकाचा तोल सुटला नाही, तरच तिसरा महिना दिसतो.

दुसरे उदाहरण एकनाथजी रानडे यांचे. स्वामी विवेकानंदांनी डिसेंबर १८९२ मध्ये कन्याकुमारीच्या ज्या शिलेवर ध्यान केले, तेथे त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, १९६३ मध्ये, स्मारक उभारण्याचा विचार पुढे आला. शिलेवर बसवलेला नामफलकही त्याच वर्षी उखडून टाकला गेला. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री एम. भक्तवत्सलम अनुकूल नव्हते, केंद्रातील मंत्री हुमायून कबीर अनुकूल नव्हते. अशा वेळी श्रीगुरुजींनी हे काम माजी सरकार्यवाह एकनाथजींकडे सोपवले.

एकनाथजींनी त्या एका मोठ्या ध्येयाच्या पायऱ्या पाडल्या. पहिली पायरी अनुमतीची. कबीर यांचे मत बदलण्यासाठी ते त्यांच्या बंगालमध्ये गेले आणि तेथील जनमत जागे केले. दिल्लीत त्यांनी सर्व पक्षांच्या खासदारांची भेट घेतली आणि तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या स्वाक्षऱ्या मिळवल्या. दुसरी पायरी आराखड्याची. सुरुवातीला जेमतेम पंधरा फूट लांबी-रुंदीच्या वास्तूला होकार मिळाला होता. एकनाथजींनी भांडण केले नाही. ज्यांचा शब्द मुख्यमंत्र्यांना मान्य होता त्या कांचीच्या परमाचार्यांकडे आराखडा नेला आणि भव्य मंडपाला अनुमती मिळवली. तिसरी पायरी निधीची, आणि उद्दिष्टनिश्चितीचा सर्वांत मोठा धडा येथे आहे. केवळ पैसा हे उद्दिष्ट असते, तर मूठभर उद्योगपतींच्या दारी जाऊन काम भागले असते. पण ध्येय राष्ट्रीय स्मारकाचे होते. ते राष्ट्राचे व्हायचे तर राष्ट्राचा हात लागायला हवा. म्हणून एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये अशा देणग्यांची योजना झाली आणि सुमारे ३० लाख लोकांनी आपला वाटा उचलला. किती रुपये आले यासोबत किती हात लागले, हे मोजमाप त्यांनी निवडले. कारण ते मोजमाप ध्येयाशी इमान राखणारे होते.

२ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथे थांबण्याचा अधिकार एकनाथजींना निश्चितच होता. त्यांनी मात्र दगडी वास्तू हा एक टप्पा मानला आणि ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना करून जिवंत स्मारकाचे, म्हणजे जीवनव्रती कार्यकर्ते घडवण्याचे, पुढचे उद्दिष्ट घेतले. उद्दिष्ट संपते, ध्येय संपत नाही, याचा हा वस्तुपाठ आहे.

तिसरे उदाहरण सावध करणारे आहे. वेल्स फार्गो या अमेरिकेतील मोठ्या बँकेने कर्मचाऱ्यांना लक्ष्य दिले होते की प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकाव्यात. आकडा नेमका होता, मोजता येत होता, रोज मोजलाही जात होता. मोजणीचा धाक असा बसला की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावे खाती उघडली. प्रकरण २०१६ मध्ये चव्हाट्यावर आले. बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचे उघड झाले आणि पुढील वर्षीच्या तपासणीत संशयास्पद खात्यांची संख्या सुमारे ३५ लाखांवर गेली. ग्राहकाचा विश्वास हे बँकेचे ध्येय असायला हवे होते. आकड्याने त्या ध्येयालाच गिळले.

परदेशी बँकेची ही गोष्ट ऐकून समाधानाने हसण्याचे कारण नाही. शाखेची उपस्थिती, सेवावस्तीतील केंद्रांची संख्या, अंकाची वर्गणीदार नोंदणी, शिबिरातील संख्या हे आकडे आपल्याही वहीत असतात आणि ते असलेच पाहिजेत. वृत्तावाचून काम चालत नाही. पण बैठकीच्या आदल्या रात्री फोन करून जमवलेली संख्या वहीत चांगली दिसते, मैदानावर दिसत नाही. नावापुरते चालू असलेले संस्कार केंद्र वृत्तात भर घालते, त्या वस्तीतल्या मुलात नाही. तरुण कार्यकर्ता हे पाहत असतो. फुगवलेला आकडा त्याला एक गोष्ट शिकवून जातो : येथे कामापेक्षा वृत्ताला महत्त्व आहे. मग तो हळूहळू येईनासा होतो, आणि त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. म्हणून संघटकाने आकडा विचारावा, आणि त्याच बैठकीत त्या आकड्यातल्या एखाद्या मुलाचे नाव व त्याच्यात झालेला पालटही विचारावा.

घरी आणि बैठकीत

या साऱ्याचा व्यवहारात उपयोग व्हायचा, तर पाच प्रश्न जवळ बाळगावेत. हे कोणाच्या मनातून आले? ते झाले हे डोळ्यांना कशावरून दिसेल? त्यातला पहिला तुकडा कोणता आणि तो केव्हा, कोठे करायचा? अडचण आली तर कोणाकडे जायचे? आणि हे उद्दिष्ट गाठताना ध्येयाला इजा तर होत नाही ना? मुलाशी बोलताना, सहकाऱ्यावर काम सोपवताना, स्वतःचा वर्षारंभीचा निश्चय करताना हेच पाच प्रश्न चालतात. यातला पहिला प्रश्न सर्वांत अवघड आहे. कारण त्याचे उत्तर पुष्कळदा 'माझ्या', 'शेजाऱ्याच्या' किंवा 'माझ्या राहून गेलेल्या स्वप्नातून' असे येते.

याचा अर्थ पालकांनी मुलांवर सगळे सोडून द्यावे असा नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला जगाची माहिती कमी असते. ती पुरवणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच आहे. सुताराची कार्यशाळा, शेतीचे संशोधन केंद्र, न्यायालय, रुग्णालय, सैन्यभरतीचे मैदान हे सारे त्याला दाखवावे. घरची आर्थिक मर्यादा त्याच्यापासून लपवू नये. धोके सांगावेत, आपले मतही मोकळेपणाने सांगावे. आणि एवढे झाल्यावर थोडे थांबावे. थांबण्याची ती काही मिनिटे पालकांना सर्वांत जड जातात.

आज घरी गेल्यावर मुलाला बोलवावे आणि त्याला कोणतीही सूचना न देता विचारावे, "शून्य ते दहात तू आज कुठे आहेस?" उत्तर कमी आले तरी रागावू नये, चांगले आले तरी लगेच दहाची अपेक्षा ठेवू नये. तीनाचे चार कसे होतील, एवढेच त्याच्या बरोबर बसून शोधावे. गुरुजी शब्द सांगतात, क्रम सांगतात, आणि मग हात मागे घेऊन यजमानाच्या तळहाताकडे पाहतात. आपणही तसेच हात मागे घ्यावा, आणि उदक त्याच्या हातून सुटू द्यावे.